चांदीच्या पुस्तकाच्या बाई

बाईंच्या घरी राहायला गेले त्याच दिवशी जिन्यात माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा निसटला आणि सगळ्या पायऱ्यांवर पसरला. मी खाली बसून गोळा करायला लागले. वरून आवाज आला, "उचललंस ना? आता ओठाला लाव."

"काय?"

"छापलेला कागद पडला की उचलायचा आणि ओठाला लावायचा. या घरात तसंच असतं."

मी म्हटलं, "बाई, हे बसस्टँडवरच्या मुताऱ्यांचं पत्रक आहे."

"बायकांच्या मुताऱ्यांचं ना?"

"हो."

"मग लाव की. लाजायला काय झालं?"

मी लावला. शाईचा वास आला. बाई वळून आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "कमल, चहा वाढव गं. पोरगी राहील असं दिसतंय."

खोली मिळायच्या आधी मी नांदेडात पायपीट करून थकले होते. मुखेडची एकटी पोरगी, वर मोर्चेवाली. घरमालक आधी आडनाव विचारतात. आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव विचारतात, गावातली गल्ली विचारतात, आणि तरी काही हाताला लागलं नाही तर म्हणतात, "आमच्याकडं पाण्याची जरा अडचण हाय." खोली रिकामी दिसते, नळाला पाणी दिसतं, आणि माणूस डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो. यावर मी एक पत्रक काढलं होतं. त्यानं खोली मिळाली नाही, पण बरं वाटलं.

बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "भूमिती येते का?"

"दहावीला होती."

"मी तेवढंच विचारलं. येते का?"

"नाही."

"शिकशील," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर लहानपणी नांदेडला आल्या आणि इथल्याच झाल्या. गल्लीत कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी पारशी. त्या प्रत्येकाला एकच उत्तर देत. "आम्ही ज्यू. बेने इस्राएल. कोकणात तेल गाळायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे." भाजीवाली मान डोलवायची आणि म्हणायची, "म्हंजे ख्रिश्चनच की." त्यावर बाई म्हणत, "बरं, तसं समज. भेंडी कशी दिली?"

त्यांच्या पर्समध्ये पैसे नसले तरी चालत, खडू लागायचाच. सांगायचं ते लिहून सांगायची सवय. फरशीवर, भिंतीवर, गॅसच्या सिलिंडरवर. धोब्याशी वाद झाला तेव्हा त्यांनी त्याच्या इस्त्रीच्या टेबलावर खडूनं समीकरण मांडलं होतं. तो अजून सांगतो की त्याला काही कळलं नाही, पण हरल्यासारखं वाटलं.

माझी पत्रकं त्या तपासत. अगदी लाल पेननं. पुढ्यात बसवून म्हणत, "हे बघ. प्रमेयात आधी पक्ष लिहितात, काय काय दिलंय ते. मग साध्य, काय दाखवायचंय ते. मग सिद्धता. तुझ्या पत्रकात नुसतं साध्य आहे आणि पुढं चार उद्गारचिन्हं. पक्ष कुठंय?"

"बाई, लोकांना राग यायला पाहिजे."

"तुला आलाय ना? पुरे झाला. लोकांना कळू दे."

मग पत्रक रद्दीच्या टोपलीत जाई.

ही टोपली साधी नव्हती. तिच्या शेजारी एक रांजण होता. दोन माणसांनी उचलावा एवढा, रुंद तोंडाचा, पाणी झिरपायला लागलं म्हणून बाद झालेला. बाईंच्या लोकांत देवाचं नाव असलेला कागद जीर्ण झाला तर तो रद्दीत देत नाहीत, जाळतही नाहीत. साठवून ठेवतात आणि माणसासारखा पुरतात. एकदा पुरला की उकरत नाहीत. बाईंच्या रांजणात प्रार्थनेची सुटलेली पानं होती, वडिलांची जुनी पंचांगं होती. पण बाईंनी नियमात आपलं काहीतरी घातलं होतंच. एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका पण त्यात होती. का, तर तिनं पुस्तकात नसलेल्या वाटेनं प्रमेय सोडवलं होतं. "हा कागद रद्दीत कसा देऊ?" म्हणायच्या.

माझं एकही पत्रक रांजणात गेलं नाही. मी दर वेळी त्यांचा हात बघायचे. हात टोपलीकडंच जायचा.

कमलमावशी हसायच्या. त्या बाईंकडं माझ्या कितीतरी आधीपासून कामाला. लोह्याकडच्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडंच असायची. "ताई, तुमचं लिव्हणं लई तिखट असतंय," म्हणायच्या, "रांजणात टाकलं तर रांजण फुटंल."

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी बाई कपाटातून ते पुस्तक काढत. पंजापेक्षा थोडं मोठं. प्रार्थनेचं, एका पानावर हिब्रू आणि समोर मराठी. कागद इतका पिकलेला की पान उलटताना कोपरा बोटाला चिकटून यायचा. पण वरचं आवरण चांदीचं. पुढं-मागं ठोकून घडवलेले दोन पत्रे, पाठीला बारीक बिजागऱ्यांनी जोडलेले, आणि उघडायच्या कडेला एक नाजूक कडी. पुढच्या पत्र्यावर मुकुट, मुकुटाच्या दोन बाजूंना दोन सिंह, भोवती द्राक्षाची वेल. घडवणाऱ्या सोनारानं द्राक्षाची वेल पाहिलेली नसावी. पानं सगळी विड्याची होती. मुकुट आपल्याकडं देवीला असतो तसाच.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पोरींना शाळेची पुस्तकं वेळेवर मिळत नाहीत आणि इथं पुस्तकाला चांदी. सगळे धर्म सारखेच."

बाई रागावल्या नाहीत. कडी बोटानं उघडत म्हणाल्या, "बायकांचा दागिना कोण विकतं?"

"नवरा."

"आणि अंगावरचा कोण काढून घेतं?"

"सासू. जाऊ."

"हे आमच्यात नवरीला लग्नात देतात. प्रार्थनेच्या पुस्तकावर चढवलेली चांदी कुठला नवरा मागेल? कुठली सासू म्हणेल, दे गं जरा, लग्नाला घालून जाते? माझ्या आजीनं आईला दिलं. आईचे तोडे गेले, पाटल्या गेल्या, हे राहिलं. मी लग्न केलं नाही तरी तिनं मलाच दिलं. आता यावर काढ पत्रक."

त्यावर मी पत्रक काढलं नाही. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाईंच्या भाच्याच्या मुलीचं लग्न ठरलं. भाचा ठाण्याला मोठ्या नोकरीत. आवरण आता त्या मुलीला जायचं होतं. आतलं पुस्तक जीर्ण झालेलं, म्हणून भाच्यानं नवं घेऊन यायचं, जुनी पानं रांजणात जायची आणि चांदी नव्या पुस्तकावर चढायची, असं ठरलं. पण एक बिजागरी सुटली होती आणि कडीही ढिली झाली होती. नांदेडात सराफ काय कमी आहेत? बाईंना मात्र लातूरचाच सोनार हवा. का, तर एकदा त्यानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "बाई, हे मला जमणार न्हाई." तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर विश्वास.

एसटीनं लातूरला गेलो. गंजगोलाईजवळच्या बोळात त्याचं दुकान. तो देवांचे टाक आणि मुखवटे घडवायचा. आवरण हातात घेऊन त्यानं भिंग लावलं.

"बाई, हे कुत्रं हाय का सिंह?"

"ज्यानं केलं त्यानं सिंह पाहिला नव्हता. तुम्ही पाहिलाय?"

"न्हाई बा."

"मग राहू द्या तसाच."

त्यानं चांदी जुन्या पुस्तकावरून सोडवली, बिजागरी डाग देऊन जोडली, नवी कडी बसवली, उजाळा दिला. काम सुरेख. बाईंनी मिटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यानं सिंहाचा पत्रा मागं घेतला होता आणि कडी त्या हिशेबानं बसवली होती. आपलं पुस्तक डावीकडून उघडतं. बाईंचं हिब्रू, ते उजवीकडून. त्यानं आयुष्यभर पाहिलेली पोथी डोळ्यांपुढं धरून बसवलं, दुसरं काय करणार?

"उलटं झालं," बाई म्हणाल्या.

सोनार वैतागला. "पुस्तक उलटं हाय का माझं डोकं?"

"दोन्ही सुलटी आहेत. सुरुवात तेवढी वेगळ्या बाजूला आहे." आणि पर्समधून खडू काढून त्यांनी त्याच्या दुकानाच्या फरशीवर बैठक मारली. पुस्तक काढलं, बाण काढला, कणा कुठं, कडी कुठं. तो पण उकिडवा बसला. शेजारचे दुकानदार जमले. सोनारानं सगळं सोडवून परत बसवलं. निघताना म्हणाला, "बाई, फरशी पुसत न्हाई. पुन्हा कुणी असलं उलटं घेऊन आलं तर बघायला होईल."

लातूरवरून आल्यावर बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस जवळ आला होता. भाचा त्याच दिवशी नवं पुस्तक घेऊन येणार होता. ऑपरेशन झालं, पण साखर वाढलेली म्हणून डॉक्टरांनी बाईंना रात्रभर ठेवून घेतलं. मी त्यांच्याजवळ दवाखान्यात. घरी भाचा आणि कामाला कमलमावशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईंना घेऊन मी आले. त्या गोळी घेऊन झोपल्या. मी माझ्या खोलीत टेकले न टेकले तोच खाली गेटपाशी आवाज वाढला. बाहेर येऊन पाहते तर भाच्यानं कमलमावशींची पिशवी रस्त्यावर उलटी केलेली. डबा, हातरुमाल, चपलेचा तुटलेला अंगठा, लेकीच्या औषधाची चिठ्ठी, सगळं धुळीत. अख्खी गल्ली दारात उभी.

त्यानं नवं पुस्तक आवरणात घालून आत्याला चकित करायचं म्हणून कपाट उघडलं होतं. कपाटात चांदी नव्हती. घरात रात्री कोण होतं? तो स्वतः. आणि किल्ली कुणाकडं? कमलमावशींकडं. एवढा विचार करून तो थांबला. शिकलेला माणूस.

मी म्हटलं, "तुमची बॅग पण उलटी करा मग. तुम्ही पण होतात घरात."

"तुम्ही मध्ये पडू नका. हा घरचा मामला आहे."

"घरचा आहे तर रस्त्यावर कशाला आणला?"

तो कमलमावशींकडं वळला. "उद्या सकाळपर्यंत वस्तू जागेवर आली नाही तर मी पोलिसात जाणार. आणि आत्याला यातला एक शब्द कळता कामा नये. डॉक्टरांनी सांगितलंय. ताण नको, रडणं नको. डोळा जाईल."

कमलमावशी खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरत होत्या. मी वाकले तर हात बाजूला केला. "राहू द्या ताई. मी भरते." मग उठल्या आणि मलाच म्हणाल्या, "बाईंना सांगू नका. खरंच डोळा जाईल त्यांचा." आणि गेल्या. कुणाच्या घरची भांडी घासून जी बाई पोरीचं औषध आणते, तिला चोर ठरवलं, आणि काळजी कुणाच्या डोळ्याची? चोर ठरवणाऱ्याच्या आत्याच्या. बाईंनी सांगून सांगून मी उद्गारचिन्हं सोडलीत, नाहीतर इथं चार दिली असती.

संध्याकाळी बसून मी पत्रक लिहिलं. मथळा, "पिशवी उलटी करणाऱ्यांनो, आधी डोकं सरळ करा." पण छापून काय होणार होतं? सकाळी पोलीस आले तर कमलमावशींची इतर तीन घरची कामं सुटणार होती. चोरीचा आळ आलेल्या बाईला कुणी दारात उभं करत नाही. चांदी नंतर सापडली तरी नाही.

सकाळी झाडायला कुणी नव्हतं म्हणून मी झाडू घेतला. आतून बाईंचा आवाज आला.

"कुणाच्या हातात आहे तो झाडू?"

"माझ्या."

"तेच म्हटलं, कुणी नांगर चालवतंय. कमल कुठंय?"

मला वळसे घेता येत नाहीत. कमलमावशींनी नको म्हटलं होतं तरी मी कॉटपाशी उभी राहून सगळं सांगितलं. कपाट, पिशवी, गल्ली, पोलीस. आणि वर सांगितलं की बाई, रडू नका.

बाई रडल्या नाहीत. पट्टीच्या वर कपाळाला आठ्या पडल्या.

"चांदी कमलनं चोरली म्हणतो?"

"हो."

"अगं, ती मी चोरली."

"म्हणजे?"

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी ती रांजणात ठेवली. कपाटाची किल्ली कुठं असते ते साऱ्या जगाला ठाऊक. जुन्या कागदांत कोण हात घालतो?" आणि मग आवाज चढला. "मला विचारायचं ना कुणीतरी! या घरात सगळ्यात जास्त वस्तू मीच हलवते. पहिला संशय माझ्यावर घ्यायचा."

झाडूसकट मी फरशीवर बसले. आमची एखादी मागणी मान्य होते तेव्हा आम्ही गुलाल उधळतो, पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मला मोठ्यानं हसू यायला लागलं आणि बाई विचारत होत्या, "हसतेस काय? जा, आण."

मी गेले. टोपली जागेवर होती. शेजारी फरशीवर रांजणाच्या बुडाचा गोल डाग होता. रांजण नव्हता.

भाचा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. मी विचारलं, रांजण कुठंय? त्यानं ब्रश काढला आणि अभिमानानं सांगितलं, "पुरला. आत्या किती वर्षं मागं लागली होती, पुरून टाक, पुरून टाक. ती दवाखान्यात होती तेवढ्यात मी उरकलं. सीताफळाखाली. कमलच धरू लागली."

म्हणजे ज्यानं चांदी जमिनीत घातली, तोच गेटवर उभा राहून चांदी कुठं म्हणत होता. आणि जिला चोर म्हणत होता, तिनं दुसऱ्या बाजूनं रांजण उचलला होता.

आतून बाईंनी सगळं ऐकलं. त्याला हाक मारून सांगितलं, चांदी रांजणातच होती. त्यानं ऐकलं आणि त्याचं तोंड पडलं, पण लगेच सावरला. "चला, म्हणजे आहे कुठं ते कळलं. सुटलो. पण आत्या, पुरलेलं उकरत नाहीत ना? तूच सांगायचीस. लग्नाला अजून वेळ आहे, कुणाला तरी विचारून बघू. मी आत्ता कमलला फोन करतो, सॉरी म्हणतो, विषय संपला."

"चोर कुठं म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"गेटपाशी."

"फोनवर नाही म्हणालास?"

"नाही."

"मग सॉरी फोनवर कशी? फळ्यावरची चूक फळ्यावरच पुसायची. शाळेत कोण होतं रे तुला गणिताला?"

मी पळत कमलमावशींच्या घरी गेले. दारातच ओरडले, "मावशी, सापडली! बाईंनीच रांजणात ठेवली व्हती!"

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ खांदे हलत होते. मग पदर काढला, चेहरा पुसला, विचारलं, "कुणी पाहिली का?"

"अजून काढली न्हाई. रांजण पुरलाय."

"मग सापडली कशी म्हणता, ताई? गल्लीनं माझा डबा पाहिला. माझ्या पोरीची औषधाची चिठ्ठी पाहिली. आता चांदी बी पाहू दे."

आम्ही आलो तेव्हा बाई पट्टीवर काळा चष्मा चढवून गेटपाशी उभ्या होत्या. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, तर ताठ उभ्या राहून लोखंडी गेटवर खडूनं लिहीत होत्या. एका डोळ्यानं लिहिल्यामुळं ओळी उतरत गेल्या होत्या, पण अक्षर शाळेतलंच.

पक्ष: कमलनं चांदी घेतली नाही.
साध्य: हे सगळ्यांना दिसणं.
सिद्धता:

पुढं काही नव्हतं. भाच्यानं विचारलं, "सिद्धता काय, आत्या?"

"फावडं," बाई म्हणाल्या.

सीताफळाच्या खोडावर हात ठेवून त्या आधी काहीतरी पुटपुटल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "कागदांची माफी मागितली. चारचौघांत कुणाची मान खाली घालायला लावणं याला आमच्यात फार मोठा गुन्हा मानतात. त्यांना समजेल. ते कागदच आहेत, माणसं नाहीत."

कमलमावशी ओट्यावर बसल्या. कधी नव्हे ते बसल्या. बाईंनी मला चहा करायला सांगितला आणि तो आधी कमलमावशींना द्यायला लावला. भाचा खणत होता. पुरताना त्यानं वरून पाणी मारून माती चोपून बसवली होती, आणि आपली काळी माती उन्हात एका दिवसात वीट होते. त्याचा ठाण्याचा शर्ट पाठीला चिकटला. मधेच थांबून त्यानं कमलमावशींकडं पाहिलं, त्या धरू लागतील अशा आशेनं असावं. त्यांनी बशीत चहा ओतला.

"खणा साहेब," म्हणाल्या. "वरच हाय. मी धरू लागले व्हते, मला ठाव हाय."

गल्ली हसली. फावड्याचा घाव रांजणाच्या काठावर बसला आणि खापरी उडाली. भाच्यानं आत हात घातला आणि बोचकं वर काढलं. चांदी कागदात गुंडाळलेली. कागद माझ्या ओळखीचा निघाला. बसस्टँडवरच्या मुताऱ्या.

मी ओरडलेच. "बाई! म्हणजे माझं पत्रक रांजणात गेलंच की!"

"ते गुंडाळायला होतं," बाई म्हणाल्या. "कागद मऊ आहे. गुंडाळलेला कागद वेगळा आणि ठेवलेला कागद वेगळा."

भाच्यानं आवरण आत्यापुढं धरलं. त्यांनी हात पुढं केला नाही. "कमलच्या हातात दे."

कमलमावशींनी पदराला हात पुसले आणि आवरण घेतलं. गेट उघडून रस्त्यावर गेल्या. एकेका दारापुढं थांबल्या, एकेका बाईला दाखवलं. उन्हात ते दोन कुत्र्यासारखे सिंह असे चमकत होते की बायका डोळ्यांवर हात धरत होत्या. मग परत येऊन, काल जिथं पिशवी उलटी झाली होती बरोबर तिथं उभ्या राहिल्या आणि भाच्याकडं पाहिलं.

तो पुढं झाला. "माझी चूक झाली, कमलताई."

"मोठ्यानं."

"माझी चूक झाली! तुम्ही काही घेतलं नव्हतं!"

बाईंनी खडू काढला, 'सिद्धता'पुढं 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि आत निघून गेल्या.

त्या दिवशी त्यांनी मलिदा केला. काही संकट टळलं की त्यांच्यात करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, फळं. कमलमावशी चाखून म्हणाल्या, "आमच्याकडं मलिदा पोळीचा असतोय. ह्यो तर चिवड्याचा भाऊ." पण दोनदा घेतला. शेजारणींना वाटायलाही त्याच गेल्या. जुन्या कागदांसाठी नवा रांजण आणून ते सगळे बाईंनी पुन्हा पुरले, या वेळी स्वतः उभं राहून, आणि घरात ठेवायला एक दुसरा रिकामा आणला.

फावड्याच्या घावानं कडी चेपली होती. भाच्याची रजा संपली, तो रिकामा गेला. आवरण मी लातूरला नेलं. सोनारानं फरशीवरच्या बाईंच्या आकृतीकडं एकदा पाहिलं आणि कडी पहिल्याच फेरीत बरोबर बाजूला बसवली. प्रश्न उरला ठाण्याला पोचवायचं कुणी. बाईंना डोळ्यामुळं प्रवास बंद. मी म्हटलं, मी जाते.

"तू नाही," बाई म्हणाल्या. "कमल जाईल."

भाच्याला फोनवर कळवलं तेव्हा मी शेजारीच होते. तिकडून आवाज आला, "एकटी?"

"एकटी."

"आत्या, चांदी आहे ती."

"मला माहितेय काय आहे ते. स्टेशनवर घ्यायला ये. उशीर करू नकोस, ती थांबणार नाही."

कमलमावशी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईच्या गाडीत बसल्या. त्याच पिशवीत, त्याच डब्याखाली चांदी. दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही. खडूनं ओट्यावर रेघा मारत बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "चांदीचं काय, तिला गाडीत जागा मिळाली असेल का?" फोन वाजला तेव्हा आधी त्यांनी तेच विचारलं.

लग्न पार पडल्यावरच मावशी परतल्या. नवरीच्या हातात पुस्तक त्यांनीच दिलं होतं. देताना डावीकडून उघडलं, सगळे म्हणाले उलटं, तर म्हणाल्या, "सुरुवात तिकडून हाय, मला ठाव हाय. मी नुसतं कडी लागती का बघून राहिले." बाईंनी हे चार वेळा सांगायला लावलं.

मग त्यांनी ब्लाउजमधून घडी केलेली लग्नपत्रिका काढली. मागच्या कोऱ्या बाजूला भाच्याच्या अक्षरात लिहिलं होतं, कमलताईंनी आणलेली चांदीची वस्तू सुस्थितीत मिळाली. खाली सही.

"मांडवातच घेतली," मावशी म्हणाल्या. "म्हटलं साहेब, लिहून द्या. समद्यांसमोर द्या. पुन्हा कुठं रांजणात गेली तर माझ्याकडं कागद पायजे."

बाई इतक्या हसल्या की बऱ्या झालेल्या डोळ्यातून पाणी आलं. कागद डोळ्याजवळ धरून त्यांनी पुन्हा वाचला. "पक्ष आहे," म्हणाल्या, "साध्य आहे, सही आहे. आणि उद्गारचिन्ह एकही नाही." माझ्याकडं बघून म्हणाल्या. मग उठल्या, टोपलीपाशी गेल्या. मी सवयीनं हाताकडं बघितलं. कागद त्यांनी ओठाला लावला आणि नव्या रांजणात सोडला. त्या रांजणातला तो पहिला कागद.

आता मी लातूरला असते. बाई आणि कमलमावशी नांदेडातच आहेत. डोळा ठणठणीत आहे. प्रत्येक नवं पत्रक मी अजूनही त्यांना पाठवते, आणि कमलमावशी फोनवर निकाल सांगतात.

"टोपली, ताई. पण या खेपेला बाईंचा हात जरा थांबला व्हता."